तबकडीवरील क्रांति

कला आणि प्रचार यांचें नातें काय असावें, या प्रश्नावर मराठींत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. प्रा. ना. सी. फडके यांनीं कलेसाठीं कलेचा पक्ष घेतला, श्री. वि. स. खांडेकर यांनीं जीवनासाठीं कलेचा. आणि या दोन निशाणांखालीं टीकाकारांच्या दोन फळ्या अनेक वर्षें समोरासमोर उभ्या राहिल्या. या वादांत एक अडचण प्रथमपासूनच होती. कादंबरीचें किंवा नाटकाचें स्वतःचें कार्य कोणतें, हेंच मुळीं विवाद्य असल्यामुळें प्रचारानें त्या कार्यास बाध आला कीं नाहीं, हें ठरविण्यास निश्चित माप मिळत नसे. एकास जो प्रचार वाटे तेंच दुसऱ्यास जीवनदर्शन वाटे. अशा वेळीं जिचें कार्य निर्विवाद आहे अशी एखादी वस्तु घ्यावी, तिच्यावर प्रचाराचा भार घातला असतां ती तो कसा पेलते हें पाहावें, आणि मग साहित्याकडे वळावें, हा मार्ग अधिक सुकर आहे. असा प्रयोग इतिहासानें आपल्यासाठीं करूनच ठेविला आहे. ती वस्तु म्हणजे खिशांतलें घड्याळ.

घड्याळाचें काम एकच : वेळ सांगणें. तें काम नीट झालें कीं नाहीं हें ठरविण्यास टीकाकाराची गरज लागत नाहीं. सूर्य, शेजारी आणि आगगाडी हे तिघे त्यास पुरे आहेत. राजकीय मतांचीं चिन्हें नित्याच्या वस्तूंवर उमटविण्याची हौस तशी जुनीच आहे. १७८७ सालीं जोसाया वेजवुड या इंग्रज कारखानदारानें गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीसाठीं, गुडघे टेकून साखळदंडांनिशीं हात जोडणाऱ्या गुलामाचें मातीचें पदक काढलें. लोकांनीं तें तपकिरीच्या डब्यांवर आणि स्त्रियांनीं आपल्या दागिन्यांत बसवून मिरविलें. फ्रान्सांत नेव्हेर येथील कुंभारांनीं राज्यक्रांतीच्या घोषणा ताटांवर रंगविल्या. परंतु ताटावरील घोषणा अन्न वाढलें कीं झांकते, आणि जेवण संपेपर्यंत तिची कोणास आठवण होत नाहीं. घड्याळाची गोष्ट निराळी. तें छातीशीं असतें, दिवसांतून वीस वेळां बाहेर निघतें, आणि प्रत्येक वेळीं मालकाची दृष्टि क्षणभर तबकडीवर खिळते. प्रचारकाला याहून चांगली भिंत कोठें मिळणार ?

या भिंतीचा उपयोग तीन निरनिराळ्या प्रकारांनीं झाला. त्यांपैकीं पहिला प्रकार चित्राचा. १७८९ नंतरच्या कांहीं वर्षांत फ्रान्सांत आणि शेजारच्या स्विस प्रदेशांत क्रांतीचीं चिन्हें धारण करणारीं खिशांतलीं घड्याळें निघूं लागलीं. पांढऱ्या मिन्याची तबकडी आणि तिच्यावर बारीक कुंचल्यानें रंगविलेलें चित्र. त्यांत भाल्याच्या टोंकावर लाल टोपी दिसते. प्राचीन रोममध्यें दास्यमुक्त झालेल्या गुलामास जी टोपी मिळे तिची ही स्मृति. कुऱ्हाडीभोंवतीं बांधलेली काठ्यांची मोळी ही एकजुटीची खूण. गवंड्याचें पातळी पाहण्याचें त्रिकोणी साधन ही समतेची. आणि आरवणारा कोंबडा ही जागृतीची. कोठें स्वातंत्र्यदेवता हातांत भाला घेऊन उभी आहे, कोठें तीन रंगांची फीत वळसे घेत आकड्यांपर्यंत आली आहे. रुपयाएवढ्या जागेंत एवढें सगळें बसवावयाचें आणि आकडे वाचण्यास अडथळा येऊं द्यावयाचा नाहीं, ही कांहीं सामान्य कारागिरी नव्हे. हीं चित्रें आजही पाहणाऱ्यास प्रसन्न करतात.

परंतु टीकाकाराच्या दृष्टीनें पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. या घड्याळांत आकडे बाराच आहेत, कांटे पूर्वींचेच आहेत, आणि आंतील यंत्रही पूर्वींचेंच आहे. टोपी पुसून तिच्या जागीं बूर्बों राजांचें लिलीचें फूल काढलें तर एका चाकाचा एक दांताही बदलावा लागणार नाहीं. चित्र आणि यंत्र एका डबींत नांदतात, पण त्यांची एकमेकांशीं ओळख नाहीं. हा प्रचार वस्तूला इजा करीत नाहीं, हा त्याचा गुण. आणि वस्तूशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हा त्याचा दोष. अलंकार या नात्यानें तो चांगला आहे. अलंकारापलीकडे तो जात नाहीं.

दुसरा प्रकार याहून फार धाडसी. क्रांतिकारकांपैकीं कांहींचें तबकडीवरील चित्र बदलून समाधान होण्यासारखें नव्हतें. त्यांस आकडेच बदलावयाचे होते. जुनें पंचांग म्हणजे राजाचें आणि पाद्र्यांचें पंचांग. तें गेल्यावांचून नवा मनुष्य निर्माण होणार नाहीं, असा त्यांचा विश्वास होता. कन्व्हेन्शन या राष्ट्रसभेनें ५ ऑक्टोबर १७९३ रोजीं नवें प्रजासत्ताक पंचांग मान्य केलें. गिल्बेर रोम या गणितज्ञानें त्याची आंखणी केली आणि फाब्र द'एग्लांतीन या कवीनें महिन्यांस नवीं नांवें दिलीं. सात दिवसांचा आठवडा जाऊन दहा दिवसांचें दशक आलें. संतांच्या नांवांऐवजीं तिथींस धान्यांचीं, जनावरांचीं आणि शेतीच्या अवजारांचीं नांवें मिळालीं. २४ नोव्हेंबर १७९३ च्या हुकुमानें दिवसाच्या पोटांतही हीच वाटणी शिरली : दिवसाचे दहा तास, तासाचीं शंभर मिनिटें, मिनिटाचे शंभर सेकंद. मध्यरात्रीं दहा वाजावयाचे आणि माध्यान्हीं पांच. हा नवा तास जुन्या १४४ मिनिटांचा होता. आपल्या हिशोबानें बरोबर सहा घटकांचा. नवें मिनिट जुन्या ८६.४ सेकंदांचें, आणि नवा सेकंद जुन्याहून किंचित् आंखूड.

हा बदल तबकडी रंगवून होण्यासारखा नव्हता. साध्या घड्याळांत मिनिटकांट्याच्या बारा फेऱ्या होतात तेव्हां तासकांट्याची एक होते. नव्या घड्याळांत हें प्रमाण दहास एक असें झालें. मिनिटकांट्यानें साठांऐवजीं १४४ मिनिटांत फेरी पुरी करावयाची आणि तासकांट्यानें साऱ्या दिवसांत एकच. म्हणजे चाकें नवीं, दांत्यांची गणना नवी, सगळा संसारच नवा. राष्ट्रसभेनें अशा घड्याळांच्या रचनेसाठीं स्पर्धा जाहीर केली. कांहीं कुशल कारागिरांनीं अत्यंत देखणीं दशमान घड्याळें घडविलीं. खगोलशास्त्रज्ञ लाप्लास यानें आपल्यासाठीं असें घड्याळ करवून घेतलें, आणि आपल्या खगोलयंत्रशास्त्रावरील मोठ्या ग्रंथांतही दिवसाचे दशमान भागच वापरले. येथें प्रचार आणि यंत्र परस्परांस अपरिचित नव्हते. प्रचारानें यंत्राच्या हृदयांतच घर केलें होतें. सिद्धांत म्हणून पाहिलें तर पहिल्या प्रकारापेक्षां हा प्रकार श्रेष्ठ ठरावयास हवा होता.

प्रत्यक्षांत काय झालें ? सरकारी कागदपत्रांत नवे तास २२ सप्टेंबर १७९४ पासून सक्तीचे झाले, आणि ७ एप्रिल १७९५ च्या कायद्यानें ते बेमुदत तहकूब झाले. साडेसहा महिन्यांचें हें आयुष्य. पंचांग त्यानंतर कांहीं काळ तगलें; १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियननें तेंही रद्द केलें. पण पंचांगकर्त्यांचा काळ त्यापूर्वींच भरला होता. कवि फाब्र ५ एप्रिल १७९४ रोजीं गिलोटिनखालीं गेला. रोम यास जून १७९५ मध्यें मृत्युदंड फर्मावण्यांत आला तेव्हां त्यानें स्वतःच्या हातानें सुरा खुपसून घेतला.

या अल्पायुषी घड्याळांपैकीं जीं शिल्लक आहेत त्यांत एक विशेष वारंवार आढळतो. त्यांच्या तबकडीवर दहांच्या आकड्यांबरोबर जुने बाराचे आकडेही आहेत. कोठें एकाच तबकडीवर एकांत एक अशीं दोन वर्तुळें आहेत, कोठें दोन छोट्या तबकड्या शेजारीं शेजारीं मांडलेल्या आहेत. प्रस्तुत लेखकास हीं दुहेरी घड्याळें सर्वांत बोलकीं वाटतात. कारागिरास हुकूम पाळावयाचा होता आणि गिऱ्हाइकास वेळेवर जेवावयाचें होतें. दोघांनीं मिळून ही तोड काढली. क्रांतीवर ज्याची पूर्ण निष्ठा होती त्याचेंही घड्याळ दुहेरी असूं शकेल, कारण निष्ठावंतालासुद्धां बाराच्या हिशोबानें चालणाऱ्या माणसांशींच व्यवहार करावयाचा असतो. बाहेरच्या वर्तुळांत मत आहे, आंतल्या वर्तुळांत जीवन आहे; आणि वेळ पाहण्यासाठीं नजर कोणत्या वर्तुळाकडे प्रथम जात असेल, हें सांगावयास नको.

या अपयशाचें कारण लोकांची जडता, असें म्हणून सुटका होत नाहीं. ज्या कायद्यानें दशमान तास तहकूब केले त्याच कायद्यानें मीटर, लिटर आणि ग्रॅम हीं मापें स्थापन केलीं. आणि तीं पुढें जवळ जवळ साऱ्या जगानें स्वीकारलीं. एकाच विचाराचीं हीं दोन अपत्यें. एक जगलें, दुसरें गेलें. याचें कारण शोधावयास लांब जावयास नको. फ्रान्सांत लांबीचीं आणि धान्याचीं मापें गांवोगांव भिन्न होतीं. नांव एक आणि आकार निराळे, यामुळें व्यापारी आणि शेतकरी दोघेही गांजले होते. मीटरनें खरी व्याधि दूर केली. तासाचें तसें नव्हतें. दिवसाचे चोवीस तास हे पॅरिसमध्यें चोवीस होते आणि खेड्यांतही चोवीसच होते. जेथें रोग नव्हता तेथें औषध पाजण्याचा हा प्रकार होता. मीटरचा कट्टर पुरस्कर्ता प्रियर यानेंच राष्ट्रसभेपुढें प्रतिपादन केलें कीं, या नव्या तासांचा फारसा कोणास उपयोग नाहीं, उलट त्यांच्यामुळें इतर चांगल्या मापांवर लोकांचा रोष मात्र ओढवेल. स्वपक्षाच्या प्रचाराचें इतकें स्वच्छ परीक्षण करणारा टीकाकार विरळाच.

येथें एक आक्षेप संभवतो. सत्तेनें लादलेली वेळ लोक नेहमींच झिडकारतात असें कोठें आहे ? १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानांत एक प्रमाण वेळ सुरू झाली. मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ती ३९ मिनिटें पुढें होती. मुंबईकरांनीं तिला कडाडून विरोध केला, आणि शहराच्या कॉर्पोरेशननें मुंबई-वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. तरी अखेर प्रमाण वेळच जिंकली. हें खरें आहे. पण ती कोणाच्या बळावर जिंकली? हुकुमाच्या बळावर जिंकली असती तर जवळ जवळ पन्नास वर्षें लागलीं नसतीं. आगगाडी, तार आणि रेडिओ यांनीं सगळा देश एका घड्याळावर आणला, तेव्हां निराळी वेळ ठेवणें ही गैरसोय झाली आणि ती गळून पडली. दुसरीकडे, पंचांगांतील घटका-पळांस सरकारी आधार नसतांही मुहूर्तापुरतीं तीं टिकून राहिलीं, कारण तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग होता. फ्रेंच तासांस हुकूम होता, उपयोग नव्हता. म्हणून हा आक्षेप आमच्या निष्कर्षास बाधक नसून पोषकच आहे.

आतां तिसरा प्रकार. त्यासाठीं फ्रान्सांतून स्वित्झर्लंडांत आणि एका शतकाच्या अखेरीकडून दुसऱ्या शतकाच्या अखेरीकडे यावें लागेल. मध्यंतरीं घड्याळाच्या मालकींतच एक क्रांति झाली होती. ला शो-द-फों येथील जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफ यानें १८६७ सालीं वीस फ्रँकांत मिळणारें भक्कम घड्याळ बाजारांत आणलें. चाकें कमी केलीं, माणकांच्या खड्यांऐवजीं पोलादाच्या खिळ्या योजिल्या, दिखाऊ कलाकुसर वगळली. लोक त्यास कामकऱ्यांचें घड्याळ म्हणूं लागले. तोंवर घड्याळ हें धनिकाचें भूषण होतें. आतां तें मजुराच्या खिशांत शिरूं लागलें.

त्याचें महत्त्व समजण्यास गिरणीच्या दाराशीं उभें राहिलें पाहिजे. ई. पी. टॉम्सन या इतिहासकारानें १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत विलायतेंतील जुन्या गिरण्यांची जी हकीगत एकत्र केली आहे ती विदारक आहे. मालक सकाळीं गिरणीचें घड्याळ पुढें करीत आणि सायंकाळीं मागें ओढीत. कामगारानें स्वतःचें घड्याळ जवळ बाळगणें हाच अपराध ठरे. वेळ मोजण्याचें साधन एकाच पक्षाच्या हातांत असलें म्हणजे वेळेची चोरी सिद्ध करणेंही अशक्य होतें. दिवसाचे आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांति, ही रॉबर्ट ओवेननें १८१७ सालीं मांडलेली मागणी शतकाच्या अखेरीस जगभर पसरली. १८८६ च्या मे महिन्यांत शिकागोंत तिच्यासाठीं रक्त सांडलें. १८८९ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेनें तिच्यासाठीं पुढील वर्षाच्या १ मे रोजीं सर्व देशांत निदर्शनें करण्याचा ठराव केला. याच सुमारास स्विस कारखान्यांतून आठ तासांची ही मागणी मिरविणारीं खिशांतलीं घड्याळें निघालीं. कांहींच्या तबकडीवर इंग्रजींत ती सरळ लिहिलेली असे : आठ तास कामाला, आठ तास स्वतःच्या शिक्षणाला, आठ तास विश्रांतीला.

या घड्याळाकडे पहिल्या दोहोंच्या शेजारीं ठेवून पाहावें. यांत आकडे बाराच आहेत. यंत्रावर कोणतीही जबरदस्ती नाहीं. त्या अर्थीं तें पहिल्या प्रकारासारखें आहे. पण येथील मजकूर पुसून दुसरा घालतां येणार नाहीं, कारण जें मागितलें आहे तें घड्याळावांचून मोजतांच येत नाहीं. आठ तास झाले कीं नाहीं, हें सांगणारे कांटे त्याच तबकडीवर फिरत आहेत. मालकाच्या घड्याळावर विश्वास न ठेवतां कामगार आपल्या खिशांत हात घालतो, त्या क्षणीं मागणी आणि तिचा पुरावा एकदमच बाहेर येतात. प्रचारानें वस्तूस तिचें काम सोडावयास लावलें नाहीं. उलट वस्तु आपलें काम जितकें चोख करील तितका प्रचार बलवान् होईल, अशी ही जोड आहे. घड्याळ मागें पडूं लागलें तर घोषणाही खोटी पडूं लागते. प्रचार आणि कार्य यांचें असें अद्वैत क्वचित् साधतें.

म्हणून हीं घड्याळें निष्कलंक होतीं असें मात्र समजूं नये. तींही नफ्यासाठीं विकलीं जात. १८७७ च्या स्विस कायद्यानें कारखान्यांतील दिवस अकरा तासांपर्यंत ठेवण्यास मुभा होती. तेव्हां आठ तासांचें घड्याळ घडविणाऱ्या हातांना अकरा तास राबावें लागण्याचा संभव त्या कायद्यांतच होता. कारागिरीनें पाहिलें तर क्रांतिकाळांतील मिन्याच्या चित्रांची सर त्यांस येत नाहीं. परंतु सौंदर्य म्हणजे केवळ नाजूक कुंचला नव्हे. हेतु, साधन आणि उपयोग हीं तिन्ही एका ठिकाणीं मिळालीं म्हणजे जें समाधान होतें, तेंही सौंदर्याचेंच समाधान आहे.

या संदर्भांत मुंबईची एक गोष्ट स्मरते. सप्टेंबर १८८४ मध्यें 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें गिरणीकामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यांतील एक मागणी अशी कीं, काम सकाळीं साडेसहास सुरू व्हावें आणि सूर्यास्तास थांबावें. रविवारच्या सुट्टीची मागणी पुढें १० जून १८९० रोजीं मान्य झाली. पण सूर्यास्ताची ही मागणी विचार करण्यासारखी आहे. ज्याच्या खिशांत घड्याळ नाहीं त्यानें जें घड्याळ मालकाला मागें ओढतां येत नाहीं त्याचा आधार घेतला. पुढें १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यालाही लबाडींत गुंतवितां येऊं लागलें. गिरण्या रात्रीं उशिरापर्यंत चालूं लागल्या. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. आठ तासांची तबकडी ही केवळ युरोपियन कारागिराची लहर नव्हती, हें एवढ्यावरून दिसेल.

आतां आरंभींच्या वादाकडे वळूं. आपल्या प्रचारप्रधान कादंबऱ्यांत हे तिन्ही प्रकार सांपडतील. पहिल्या प्रकारांत एक सरळ प्रेमकथा असते आणि नायकाच्या तोंडीं अधूनमधून व्याख्यान असतें. व्याख्यान काढून तेथें अगदीं उलट मताचें घातलें तरी प्रेमकथेचें चाक अडत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत लेखक अधिक प्रामाणिक असतो. तो माणसांनाच आपल्या सिद्धांताच्या दहा तासांत बसवितो. मग पात्रें बोलतात ती भाषा कोणत्याच घरांत ऐकूं येत नाहीं. आणि कथा चालावी म्हणून त्याला आंतल्या वर्तुळांत जुने बारा आकडे, म्हणजे योगायोग, विरह आणि पुनर्मीलन, गुपचूप ठेवावे लागतात. अशा दुहेरी तबकडीच्या कादंबऱ्या वाचकांनीं पुष्कळ वाचल्या आहेत.

तिसऱ्या प्रकाराचें उदाहरण म्हणून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो ?' ही कादंबरी पुढें करावीशी वाटते. एका मुलीनें आपल्या आयुष्याची हकीगत आपल्या शब्दांत सांगावी, एवढेंच त्या कथेचें काम. आणि तें काम चोख होणें हाच तेथें केशवपनाविरुद्धचा आणि बालविवाहाविरुद्धचा सर्वांत मोठा युक्तिवाद आहे. यमूची हकीगत जेथें खोटी वाटेल तेथें सुधारणेचा पक्षही दुबळा होईल. जेथें ती खरी वाटते तेथें निराळ्या व्याख्यानाची जरुरी उरत नाहीं. ती कादंबरी कलेसाठीं आहे कीं जीवनासाठीं, हा प्रश्न तिच्यापुरता निरर्थक होतो.

तेव्हां एखाद्या कृतींत प्रचार आहे कीं नाहीं, असें विचारून टीकाकारानें थांबूं नये. तो प्रचार कृतीच्या अंगावर नुसता रंगविला आहे, कीं त्यानें कृतीला तिच्या कामापासून ओढून नेलें आहे, कीं तिचें काम हेंच त्याचें बळ झालें आहे, हें पाहावें. पहिल्याचें कौतुक करावें, दुसऱ्याच्या धैर्याचा आदर करावा, पण मान द्यावयाचा तो तिसऱ्यासच. क्रांतीचीं तीं दहा आकड्यांचीं घड्याळें आतां संग्रहालयांतल्या कांचेआड बंद आहेत. आठ तासांचीं घड्याळेंही आज तेथेंच जाऊन बसलीं आहेत. परंतु जाण्यापूर्वीं त्यांच्या तबकडीवरील मागणी २३ एप्रिल १९१९ रोजीं फ्रान्सच्या कायद्यांत आणि त्याच वर्षीं वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेच्या करारांत उतरली होती.